घरचा नळ, घरचीच दुरुस्ती

सरकारी पाणीयोजना जिथं संपते, तिथून ही पुस्तिका सुरू होते. विहीर, पंपघर, जलकुंभ, मुख्य वाहिनी, गल्लीतला फाटा आणि शेवटी घरातला नळ, हा सगळा मार्ग कुणीतरी आखलेला असतो. त्याचं अंदाजपत्रक असतं, त्यावर अभियंत्याची सही असते. नळ बसला की काम पूर्ण झाल्याची नोंद होते. पुढं कधीतरी त्या नळातला रबराचा एक तुकडा झिजतो, पाणी ठिबकू लागतं, आणि या गळतीला मालक उरत नाही. ग्रामपंचायत म्हणते, घरातलं तुमचं तुम्ही बघा. घरातली माणसं म्हणतात, प्लंबर आला की बघू. प्लंबर असतो नंदुरबारला नाहीतर दोंडाईच्याला, आणि एका वायसरसाठी गाडीला किक मारून आमच्या रनाळ्यापर्यंत येणं त्याला परवडत नाही. त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही. मग नळाखाली बादली लागते. भरली की कुणीतरी ती मोरीत ओततं. असं महिनोन्‌महिने चालतं.

हे घरातल्याच माणसाला थांबवता येतं. त्यासाठी लागणारं सामान गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, लागणारा वेळ एका स्वयंपाकाइतकाही नसतो, आणि लागणारं ज्ञान इतकं थोडं आहे की ते एका छोट्या पुस्तिकेत मावावं. ते आजवर घरोघरी का पोचलं नाही, हा प्रश्न मात्र मला दुरुस्तीपेक्षा मोठा वाटतो. या प्रस्तावनेत त्याच्याकडंही वळायचं आहे.

आधी आमच्या भागाविषयी. नंदुरबार जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं सातपुडा येतो, तोरणमाळ येतं, धडगावचे डोंगर येतात. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची तीच ओळख ठरून गेली आहे. रनाळं त्या चित्रात बसत नाही. ते नंदुरबार तालुक्याच्या पूर्व भागातलं, दोंडाईच्याच्या बाजूचं गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावर त्याच्या नावाचं स्टेशनही आहे. जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडं कमी कमी होत येतो, आणि आमच्या वाट्याला उरलासुरला येतो. तालुक्याचा पूर्व पट्टा टंचाईचा म्हणून ओळखला जातो तो त्यामुळंच. तापी वाहते ती तालुक्याच्या उत्तर अंगानं. नकाशावर ती जवळ दिसते, पण हंड्यापर्यंत येत नाही.

पायाखाली दख्खनचा काळा खडक आहे. या बेसाल्टमध्ये पाणी साठायला जागा बेताचीच: वरचा झिजून भुसभुशीत झालेला थर आणि खालच्या भेगा. त्यातही आमच्या पट्ट्याचं एक वैशिष्ट्य आहे. नंदुरबार आणि धुळे यांच्या दरम्यान जुना खडक चिरून वर आलेल्या उभ्या दगडी भिंती आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात, आणि या परिसरात त्यांनी असे दोनशेहून अधिक डाइक नोंदले आहेत. बहुतेक सगळे साधारण पूर्व-पश्चिम धावतात. काही ठिकाणी त्यांच्या अरुंद, लांबलचक टेकड्या झाल्या आहेत. शेतांमधून जाताना त्या ओळखू येतात. जमिनीखाली हीच भिंत भूजलाची वाट अडवू शकते. म्हणून एका बाजूच्या विहिरीला पाणी लागतं आणि थोड्याच अंतरावर दुसऱ्या बाजूचं बोअर धूळ उडवत खाली जातं. इतक्या हिकमतीनं हाती लागलेलं पाणी विजेच्या मोटारीनं उपसायचं, टाकीत चढवायचं, वाहिनीतून घरापर्यंत आणायचं, आणि मग शेवटच्या वीतभर अंतरात ते गमवायचं. हा तोटा मला पोटातून लागतो.

तोटा किती, ते आकड्यांत पाहू. दर सेकंदाला एक थेंब पडणारा नळ घ्या. तसा नळ कुणाच्या फारसा नजरेतही भरत नाही. दिवसाचे सेकंद 86,400. नळाच्या तोंडाशी लोंबून पडणारा थेंब चांगला टपोरा असतो. साधारण चार थेंबांचं एक मिलिलिटर धरलं, तर दिवसाला 21.6 लिटर होतात. महिन्याला 648 लिटर, म्हणजे गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी भरून वर उरेल इतकं. आता याला दुसरं माप लावा. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशननं ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाणी देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. एक ठिबकता नळ महिन्याला एका माणसाचं जवळजवळ बारा दिवसांचं पाणी घालवतो. थेंब लहान असेल तर हिशेब कमी भरेल, धार लागली असेल तर कितीतरी जास्त. म्हणून माझ्या आकड्यावर विसंबू नका. रात्री निजताना नळाखाली पातेलं ठेवा आणि सकाळी दुधाच्या मापानं मोजा. आपल्या घरचा आकडा आपल्या डोळ्यांनी पाहिला की दुरुस्तीचा आळस जातो. हे पाणी पुन्हा चढवायला मोटार चालवावी लागते, ते वीजबिलात येतं, तेही या हिशेबात धरा.

एक गोष्ट इथंच स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर पुस्तिकेचा तोल जाईल. गावातली सगळ्यांत मोठी नासाडी ठिबकणाऱ्या नळाची नसते, तोटीच नसलेल्या नळाची असते. पाणी रोज येत नाही, आलं तर किती वेळ टिकेल सांगता येत नाही, दाब कमी असतो. मग लोक नळ काढून उघडा पाइप ठेवतात. काही जण अंगणात खड्डा करून पाइप जमिनीच्या खाली कापतात, म्हणजे शेजाऱ्याच्या आधी आपल्याला धार लागते. हंडे, बादल्या, ड्रम भरले की उरलेलं पाणी गटारीत जातं. पाणी रात्री आलं आणि कुणी जागं नसलं तर सगळंच जातं. अर्ध्या इंची उघड्या पाइपातून बरा दाब असेल तर मिनिटाला दहा लिटर सहज वाहतात. त्यापुढं आपला थेंब काहीच नाही.

शिवाय त्या खड्ड्यात पाणी साचून राहतं. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते, आत ओढ तयार होते, आणि खड्ड्यातलं घाण पाणी उघड्या तोंडानं पाइपात शिरतं. दुसऱ्या दिवशी तेच सगळ्या गल्लीच्या हंड्यांत येतं. गावात जुलाबांची साथ आली की आपण विहिरीत पावडर टाकली का ते विचारतो. नळांना तोट्या आहेत का, हेही तितक्याच तातडीनं विचारायला हवं. एका तोटीच्या किमतीत सबंध गल्लीचं पोट सांभाळलं जातं. म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण गळक्या नळाचं नसून नळ नसलेल्या पाइपाचं आहे: आटे शाबूत असतील तर तोटी कशी बसवायची, आटे गेले असतील तर काय करायचं, आणि खड्ड्यातला पाइप जमिनीच्या वर कसा आणायचा.

आता नळाच्या पोटात शिरू.

पाणी अडवून धरणारा नळ ही आपल्याकडं तशी अलीकडची वस्तू. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, ते हौदाहौदांतून वाहतं राहिलं. त्या रचनेत पाणी पुढं पुढं जात असे, घरोघरी दाबाखाली कोंडून ठेवलेलं नसे. कोंडलेल्या पाण्याला मजबूत दार लागतं. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम इथल्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळी ओतकामाच्या कारखान्यानं 1845 मध्ये आटे फिरवून बंद होणारा नळ काढला, आणि पुढं 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी मोठ्या वाहिन्यांतून मुंबईत आलं. आज आपल्या मोरीत असलेला जुना पितळी नळ त्याच घराण्यातला आहे. त्याच्या रचनेत तेव्हापासून फारसा बदल झालेला नाही, म्हणून तो एकदा समजला की कायमचा समजतो.

वरची मूठ फिरवली की आतली दांडी, म्हणजे स्पिंडल, आट्यांवरून खाली उतरते. तिच्या टोकाला रबराचं चपटं वायसर असतं. नळाच्या आत पितळेचं एक गोल भोक असतं, त्याची कड उंचावलेली असते. तिला सीट म्हणतात. वायसर सीटवर घट्ट टेकलं की पाणी थांबतं. बस. सगळा नळ एवढ्याचसाठी.

या रचनेला तीन ठिकाणी दुखणी होतात, आणि पाणी कुठून येतंय त्यावरून दुखणं कळतं. बंद नळाच्या तोंडातून पाणी ठिबकत असेल तर वायसर झिजलंय किंवा सीटला खड्डे पडलेत. नळ उघडल्यावर मुठीखालून, दांडीच्या मानेपाशी पाणी झिरपत असेल तर तिथली ग्लँड सैल झाली आहे. वायसर बदलून तिथं काहीच होणार नाही. ग्लँडची चाकी पाव फेरा आवळली की बहुतेक वेळा भागतं, नाहीच भागलं तर आतलं पॅकिंग बदलावं लागतं. आणि नळ भिंतीतल्या पाइपाला जिथं जोडला आहे तिथून ओल येत असेल तर दोष आट्यांवरच्या टेपचा. तीन गळत्या, तीन वेगळे उपाय. घरोघरी होतं असं की गळती कुठलीही असो, मूठ आणखी जोरानं आवळली जाते.

या आवळण्याबद्दल मला कळकळीनं लिहायचं आहे, कारण आपल्या घरांतले निम्मे नळ त्यानंच मरतात असं माझं मत झालं आहे. वायसर मऊ असतं, सीटची कड धारदार. जितक्या जोरानं आवळाल तितकी ती कड रबरात रुतते आणि गोल चर पाडते. एकदा चर पडला की साध्या जोरानं नळ बंद होत नाही, म्हणून आणखी आवळावं लागतं, चर आणखी खोल जातो. पुढं घरातल्या लहान मुलाला नळ बंदच करता येत नाही. मग रबर फाटतं आणि पितळावर पितळ घासू लागतं. पाच-दहा रुपयांच्या वायसरचं काम सीटवर जातं, म्हणजे नवा नळ. ठिबकणारा नळ आवळू नका, उघडा आणि बघा.

नळ बिघडण्याचं दुसरं कारण गाळ. पाणी रोज चोवीस तास येत असेल तर वाहिनी भरलेली राहते. आमच्याकडं ती कोरडी पडते आणि पुन्हा भरते. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, हवा बाहेर पडते, पहिली धार गढूळ येते. त्या पहिल्या धारेत वाळू असते, जुन्या लोखंडी पाइपांचा गंज असतो. वाळूचा एक कण वायसर आणि सीटच्या मध्ये अडकला की नळ गळायला लागतो, आणि आपण तो आवळून कण रबरात ठोकून बसवतो. म्हणून पाणी आल्यावर पहिली धार बादलीत मोकळी सोडावी. ती झाडांना घालता येते, फरशी पुसायला चालते, वाया जात नाही.

आता घरोघर नवे, पाव फेऱ्यात उघडणारे नळ आले आहेत. त्यांच्यात रबराचं वायसर नसतं. चिनीमातीच्या जातीच्या दोन कठीण, आरशासारख्या घासलेल्या चकत्या एकमेकींवर सरकतात. छिद्रं समोरासमोर आली की पाणी येतं, हटली की थांबतं. हे नळ झिजत नाहीत म्हणून दुकानदार सांगतो, आणि स्वच्छ पाण्यात ते खरंही आहे. आमच्या गाळाच्या पाण्यात वाळूचा कण त्या चकत्यांवर ओरखडा पाडतो, मग तो नळ आवळून थांबत नाही, कारण आवळायला आत काही नसतंच. त्याचं पूर्ण स्पिंडल बदलावं लागतं. ते बाजारात सुटं मिळतं, पण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, दाते वेगळे. जुनं काढून दुकानात घेऊन जाणं हाच एक मार्ग. माझा सल्ला विचाराल तर जिथं थेट वाहिनीचं गढूळ पाणी येतं त्या अंगणातल्या नळाला साधा वायसरचा पितळी नळच बरा. पाव फेऱ्याचे नळ टाकीखालच्या बाजूला, म्हणजे गाळ टाकीत बसल्यानंतर. पितळी नळ घेताना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह बघावं. अशा आटे फिरवायच्या नळांसाठी आयएस 781 हे मानक आहे. नळ हातात तोलूनही बघावा. पोकळ, हलक्या नळाचे आटे पहिल्याच दुरुस्तीत जातात.

प्लास्टिकच्या नळांना नाक मुरडणारे बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही. क्षाराच्या पाण्यात ते गंजत नाहीत, हिरवे पडत नाहीत, गरिबाच्या खिशाला झेपतात. फक्त त्यांना पाना लावायचा मोह टाळायचा. हातानं बसवावेत, टेप थोडी जास्त घ्यावी, आणि जोर हाताचाच ठेवावा.

टेपवरून आठवलं. ही पांढरी टेप ज्या टेफ्लॉनची, तो पदार्थ 1938 मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला शीतकरणाच्या वायूंवर काम करताना अनपेक्षितपणे सापडला. त्याआधी जगभरचे नळकारागीर आट्यांवर तागाचा धागा गुंडाळून सफेदा लावत. जुन्या लोखंडी पाइपांचा सांधा उघडला तर आपल्याकडंही तो धागा अजून निघतो. टेप लावताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची: आट्यांचं तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सात-आठ वेढे, ताणून. उलटे वेढे दिले तर नळ बसवताना टेप सुटून गोळा होते आणि सांधा पहिल्या दिवसापासून पाझरतो.

शॉवरचं प्रकरण आता रनाळ्यासारख्या गावातही लिहावं लागतं, कारण नव्या घरांत शॉवर आला आहे, मग रोजची आंघोळ बादली-तांब्यानं का होईना. शॉवरबद्दल दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला, शॉवर ठिबकतो म्हणजे शॉवर बिघडला. बंद केल्यावर काही मिनिटं ठिबकणारं पाणी हे वरच्या वाकड्या पाइपात आणि चाळणीत उरलेलं पाणी असतं. ते निथळून थांबतं, त्यात बिघाड काही नाही. तासा-दोन तासांनीही ठिबकत असेल तर दोष खालच्या कॉकचा किंवा डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी नळाकडं की शॉवरकडं ते वळवणाऱ्या भागाचा, आणि वरची चाळणी कितीही महागाची बदलली तरी ठिबकणं तसंच राहील. दुसरा गैरसमज, धार बारीक झाली म्हणजे दाब कमी झाला. शेजारचा नळ चांगला वाहत असेल तर दाब ठीक आहे, चाळणीची भोकं क्षारानं बुजली आहेत. आमच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते सुटे होऊन बसतात, म्हणून गिझरला जोडलेला शॉवर लवकर बुजतो.

यावरचा उपाय स्वयंपाकघरात आहे. चाळणी काढून कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून रात्रभर बुडवायची, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासायची. पांढरा थर निघून जातो. संडास धुवायचं अ‍ॅसिड यासाठी कुणी कधी वापरू नये. ते क्षाराबरोबर वरचा मुलामाही खातं, आणि ब्लीचिंग पावडरीशी त्याचा संबंध आला तर जीवघेणा क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात ही गोष्ट फार धोक्याची आहे, म्हणून पुस्तिकेत ती प्रत्येक संबंधित पानावर पुन्हा छापली आहे.

आवाज न करणारी गळतीही असते. फ्लशच्या टाकीतून भांड्यात पाणी झिरपत राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. कपड्यांची नीळ त्या टाकीत थोडी टाका, पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी निळं झालं तर टाकीच्या तळाचं रबर गेलं आहे.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडं. इतक्या सोप्या गोष्टी घरोघरी का पोचल्या नाहीत?

यावर विचार करताना मला वारंवार मीरा रोडचे आबिद सुरती आठवतात. 'ढब्बूजी' आणि 'बहादूर' यांचे जनक म्हणून, व्यंगचित्रकार आणि लेखक म्हणून ते देशाला माहीत. 1935 साली जन्मलेल्या या माणसाचं बालपण मुंबईच्या डोंगरी भागात पाण्याच्या रांगा बघत गेलं. मित्राच्या घरी ठिबकणारा नळ बघून ते अस्वस्थ झाले, आणि त्यांना कारण कळलं ते हे की एवढ्याशा कामाला प्लंबर येतच नाही. 2007 मध्ये त्यांनी 'ड्रॉप डेड' नावाची संस्था काढली. साहित्यासाठी मिळालेल्या पुरस्काराचे पैसे तिच्यात घातले, एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती सोबत घेतली, आणि दर रविवारी मीरा रोडच्या इमारतींत दारोदार जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली. पहिल्या वर्षात 1,666 घरं आणि 414 नळ, अशी त्या कामाची नोंद प्रसिद्ध आहे. म्हणजे सरासरीनं दर चार घरांमागं एक नळ गळत होता, आणि त्याखाली राहणारी माणसं शिकलीसवरलेली, नोकरदार होती.

सत्तरी ओलांडलेल्या लेखकानं रविवार घालवून दुसऱ्यांच्या घरातली वायसरं बदलावीत, याचं मोल मला शब्दांत मांडता येत नाही. मात्र त्या कामातून निघणारा धडा गावासाठी थोडा वेगळा आहे. शहरात एका इमारतीत पन्नास घरं असतात. एक प्लंबर एका सकाळी सगळी फिरू शकतो. आमच्याकडं घरं विखुरलेली, मळ्यात राहणारी. इथं दारोदार जाणारा माणूस पुरा पडणार नाही. इथं प्रत्येक दारात एक जाणता माणूस हवा.

आणि खानदेशाला हे नवं नाही. पांझरेच्या काठची फड पद्धत आठवा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, आणि त्या सगळ्याची देखभाल करणारे कोण, तर तेच पाणी वापरणारे शेतकरी. पाटकरी पाळीनं पाणी देई, जागल्या राखण करी, आणि पाटातला गाळ काढायची वेळ आली की ज्याच्या शेताला पाणी मिळे त्याच्या घरचं माणूस कामाला येई. शतकानुशतकं ही व्यवस्था चालली ती बंधारा पक्का होता म्हणून, तितकीच पाणी घेणाऱ्याला पाट दुरुस्त करता येत होता म्हणून. नळ आल्यावर आपण पाणी घेणं घरात आणलं आणि दुरुस्ती घराबाहेर ठेवली. हे चुकलं असं मी ठामपणे म्हणतो.

घरात आणायची म्हणजे कुणाच्या हातात द्यायची? नळाला दिवसभर हात कुणाचा लागतो ते बघा. पहाटे 'नयले पानी उनं', म्हणजे नळाला पाणी आलं, म्हणून हाळी येते तेव्हा धावतं कोण, रात्री बादली सरकवतं कोण, पाणी पुरलं नाही तर शेजारी मागायला जातं कोण. घरातल्या बाईला नळाचा आवाज कळतो, धार बदललेली कळते, तो कधीपासून ठिबकतोय ते तारखेनिशी माहीत असतं. पाना मात्र भिंतीवरच्या खिळ्याला, पुरुषांच्या सामानात. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं लिहिलं आहे, आणि 'नल जल मित्र' म्हणून गावातल्याच माणसांना दुरुस्तीचं प्रशिक्षण देण्याचीही योजना आहे. त्या यादीत आमच्या मुलींची नावं असावीत असं मला मनापासून वाटतं.

ताकद लागते हा आक्षेप फोल आहे. लांब दांड्याच्या पान्यानं जोर आपोआप वाढतो, आणि वर सांगितलंच आहे की नळाला जास्त जोर अपायच करतो. प्रेशर कुकरची रिंग जिला बदलता येते, तिला नळाचं वायसर बदलता येतं. दोन्हीकडं रबर झिजतं, दोन्हीकडं माप बघून नवं आणायचं असतं, आणि दोन्हीकडं आधी दाब काढून टाकायचा असतो. म्हणून या पुस्तिकेतली चित्रं काढताना हात बांगड्यांचा दाखवला आहे.

पुस्तिकेत काय नाही, तेही सांगतो. गिझरच्या आतल्या विजेच्या कामाला हात लावायला सांगितलेलं नाही. ते जाणकार वायरमनचं काम. भिंतीत गाडलेल्या पाइपाची गळती, पाण्यातल्या मोटारीचे बिघाड, रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीची दुरुस्ती हेही नाही. मुख्य वाहिनी फुटलेली दिसली तर ग्रामपंचायतीत कळवायचं, स्वतः खणायचं नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून वायसर कापायची युक्ती मात्र दिली आहे, कारण रात्री दुकान बंद असताना ती अडचण भागवते. ते रबर फार मऊ असतं, चार-आठ दिवसांत ते बदलून बाजारचं बसवावं.

हत्यारं मोजकीच सांगितली आहेत: एक स्क्रू पाना, एक पक्कड, एक पेचकस, टेपचं रीळ, अर्ध्या इंची वायसरं दोन-चार, आणि एक जुनं फडकं. फडकं मोरीच्या जाळीवर टाकायचं, म्हणजे सुटलेला स्क्रू गटारीत जात नाही; त्याचाच एक कोपरा पान्याखाली धरायचा, म्हणजे नळाच्या चकाकीला चरे पडत नाहीत. भाग काढताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या, जोडताना तेच फोटो उलट्या क्रमानं बघा.

प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचली तरी चालतील, फक्त टाकीखालच्या व्हॉल्व्हचं प्रकरण आधी वाचा. कितीतरी घरांत टाकी बसवताना चार पैसे वाचवायला तो व्हॉल्व्ह वगळलेला असतो, किंवा वर्षानुवर्षं न फिरवल्यानं क्षारानं जाम झालेला असतो. अशा घरात एक वायसर बदलायचं तर भरलेली टाकी रिकामी करावी लागते, आणि मग दुरुस्तीत जाणारं पाणी गळतीत गेलेल्या पाण्याला भारी पडतं. तुमच्या घरी व्हॉल्व्ह नसेल तर पहिला खर्च त्याच्यावर करा आणि टाकी संपत आली असेल त्या दिवशी तो बसवून घ्या. असेल तर आज एकदा बंद करून बघा, खालचा नळ उघडा, आणि पाणी पूर्ण थांबतं का ते तपासा. थांबलं की दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या चित्राप्रमाणे मुठीवरचा स्क्रू सोडवायला घ्या.